सदतीस नंबर बाहेर

"वहिनी, एक सांगून ठेवतो. रुमाल टाकला की त्याच्याकडं बघत बसायचं न्हाई. रुमाल कुठं पळून जात न्हाई."

चौगुले सरांनी हे सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. मिरजेतल्या एका शाळेच्या मैदानावर पंचांचं शिबिर चाललं होतं आणि मी नियमांच्या पुस्तकाला चार रंगांच्या चिठ्ठ्या लावून पहिल्या रांगेत बसले होते.

"पण सर, चूक कुठं झाली त्यावरून दंड मोजायचा असतो. रुमाल तिथंच पडतो. बघायला नको?"

"मोजा की. मोजायला कोण नको म्हणतंय? पण त्याच्या आधी..." तेवढ्यात चहा आला आणि त्यांचं पुढचं वाक्य कपात गेलं. मीही पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, जुन्या माणसाचं बोलणं आहे. पुस्तकात असं काही नव्हतं.

सर जयसिंगपूरच्या एका शाळेतून निवृत्त झालेले क्रीडाशिक्षक. सगळी हयात कबड्डी आणि खो-खोच्या पंचगिरीत गेली आणि उतारवयात त्यांनी हे नवं खूळ डोक्यात घेतलं. अमेरिकन फुटबॉल. आमच्या भागात फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, त्यामुळे लोक याला 'हातातला फुटबॉल' म्हणायचे. यात चूक दिसली की पंच त्या जागी पिवळा रुमाल टाकतो. कॅनडातून परतलेल्या एका इंजिनिअरनं हौसेनं मुलींचे संघ उभे केले होते. कबड्डीच्या मुली त्यात पटकन रुळल्या. धरायचं, पाडायचं, उठायचं, सगळं ओळखीचं. वर डोक्याला हेल्मेट आणि खांद्यावर ढालीसारखे पॅड फुकट.

मी विद्यापीठाकडून खो-खो खेळले होते. एम.एस्सी.नंतर कॉलेजात तासिकांवर संख्याशास्त्र शिकवायची, ते जुई झाल्यावर सुटलं. घरी बसून मी तिचा श्वास मोजायची. ती सात महिन्यांची असताना दिवाणावरून पडली. टेंगूळसुद्धा आलं नाही, पण डोक्याच्या माराबद्दल जेवढं म्हणून वाचता येईल तेवढं मी त्या आठवड्यात वाचून काढलं. शेवटी सुमेधनं, माझ्या नवऱ्यानं, शिबिराचं पत्रक आणून दिलं. म्हणाला, "एका बाळावर एवढं लक्ष ठेवतेस. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा बावीस जणींवर ठेव, बाळालाही जरा मोकळं वाटेल."

त्या वर्षीचा अंतिम सामना मिरज आणि बार्शी यांच्यात होता. चौगुले सर मुख्य पंच, मी रेषेवरची पंच. आणखी दोघे पंच होते, पण ते या गोष्टीत कुठं येत नाहीत.

सामन्याआधी प्रत्येकीचं हेल्मेट आणि पॅड तपासायचे असतात. बार्शीच्या सदतीस नंबरचा हनुवटीखालचा पट्टा सैल होता.

"आवळ."

"आवळला की कान दुखतोय, मॅडम."

"दुखू दे."

"सासूबाईवानी बोलताय की." मागच्या मुली खिदळल्या.

"आहे का सासू?"

"यायच्या बेतात हाय." तिनं पट्टा दोन भोकं पुढं ओढला. "गुरुवारी पुण्याला भारताच्या संघाची चाचणी हाय. तिथं घेतलं तर सुटले. न्हाईतर रविवारी पाव्हणं बघायला येणारेत, आण्णांनी फरसाणसुदीक आणून ठेवलंय. तवा आज जरा संभाळून घ्या. रुमाल टाकला तरी लांब टाका."

"मी चूक होते तिथं टाकते."

"तुमचा नेम चांगला दिसतोय म्हणूनच सांगायलेय."

तिचं नाव रतन बारंगुळे. उंचीला बेताची, मान आखूड, पोटऱ्या दगडासारख्या. कबड्डीत ती पाय धरण्यासाठी प्रसिद्ध होती असं नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की ती प्रत्येक वेळी डोकं खाली घालून घुसते. पहिल्या सत्रात मी तिला बाजूला घेतलं.

"रतन, डोकं वर. हेल्मेटच्या टाळूनं धडक दिलीस तर मी बाहेर काढीन. सरळ सामन्याबाहेर."

"सवय हाय, मॅडम. पाय धरायचा तर डोकं खालीच जातंय."

"इथं पाय धरायचा नाहीये."

"आन् एवढं हेल्मेट घातलंय ते कशाला मग?" ती खरंच विचारत होती. चेष्टा नव्हती त्यात.

बार्शीचे कोच खंडू गव्हाणे रेषेबाहेरून ऐकत होते. पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज नव्हती. "ओ मॅडम, शिकवणी मॅचनंतर घ्या पोरीची. आत्ता खेळू द्या." मी वहीत काही लिहिलं नाही, ताकीद तोंडीच होती.

शेवटच्या सत्रात मिरज एका गुणानं पुढं होती. पण चेंडू त्यांच्याकडं असूनही त्या स्वतःच्याच गोलरेषेशी कोंडल्या गेल्या होत्या. या खेळात प्रत्येक गोलरेषेमागं एक पट्टी असते. चेंडू ज्यांच्याकडं आहे त्या आपल्याच पट्टीत धरल्या गेल्या, तर समोरच्यांना दोन गुण मिळतात. त्याला सेफ्टी म्हणतात. धरल्या गेल्या नाहीत पण त्या पट्टीत त्यांच्याच हातून चूक झाली, तरी तेच दोन गुण. म्हणजे बार्शीला दोन गुणांचीच गरज होती, आणि त्या पट्टीत ते नुसते पडलेले होते.

मिरजेची शमा मुजावर चेंडू घेऊन मागं सरकली, पट्टीत शिरली. तिच्या बचावाला असलेल्या एका मुलीनं तिथंच बार्शीच्या खेळाडूचा सदरा मागून धरला. चेंडू जिच्याकडं नाही तिला धरणं ही चूक. सरांचा पिवळा रुमाल उडालेला मला डोळ्याच्या कडेनं दिसला. मी शमाकडं बघत होते. तिनं चेंडू लांब फेकला. चेंडू हवेत असतानाच सदतीस नंबर डावीकडून आली, शेवटची दोन पावलं डोकं खाली, आणि हेल्मेटची टाळू सरळ शमाच्या खांद्याच्या पॅडवर. आवाज नारळ फोडल्यासारखा झाला. मी रुमाल फेकला. मग तिकडं चेंडू जमिनीवर आपटला आणि सगळ्यांच्या शिट्ट्या वाजल्या.

दोन रुमाल. एक मिरजेच्या चुकीचा, एक बार्शीच्या.

"डॉक्टर!" मीच ओरडले. शमा उताणी पडली होती. स्पर्धेचे तरुण डॉक्टर, नेर्लेकर, पेटी घेऊन धावत आले. मिरजेच्या मुलींनी कडं केलं. शमा त्या कड्यातून हात वर करून म्हणाली, "हटा ग, वारा येऊ द्या. काय न्हाई झालं. खांदा बधिर झालाय फक्त." डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, मान तपासली, तिला वार विचारला, स्कोअर विचारला. "स्कोअर मला कशाला विचारताय, त्या पंचांना विचारा, तेच आता ठरवणार हायत," ती म्हणाली आणि कडं हसलं. नियमाप्रमाणं मी शेजारी उभी राहून सगळं नीट झालंय याची खात्री केली. मग रुमालांकडं गेले.

तिथं गव्हाणे आधीच पोचले होते.

"सेफ्टी! दोन गुण! पट्टीत सदरा धरलाय, सरांनी सोता रुमाल टाकलाय."

"टाकलाय," चौगुले सर शांतपणे म्हणाले. "पण ह्यांचाबी हाय एक. वहिनी, बोला."

"सदतीस नंबर. चेंडू फेकून झाल्यावर, हेल्मेटनं धडक. सामन्याबाहेर."

"धडक कधी? चेंडू जमिनीला लागायच्या आधी का नंतर?"

सगळा सामना या एका उत्तरावर येऊन ठेपला. धडक आधी झाली असेल, तर दोन्ही चुका खेळ चालू असतानाच्या, म्हणजे त्या एकमेकींना खाऊन टाकतात. गुण नाही, डाव पुन्हा. धडक चेंडू जमिनीला टेकल्यानंतरची असेल, तर दोन्ही दंड वेगवेगळे, ओळीनं. आधी बार्शीला दोन गुण, मग बार्शीला शिक्षा.

"आधी," मी म्हणाले. "चेंडू हवेत होता."

"हॅ! हवेत!" गव्हाणेंनी टोपी काढून मांडीवर आपटली. "सगळ्या मैदानानं बघितलंय. चेंडू टेकला, टप्पा पडला, मग हिनं धडक दिली. चांगली उशिरा दिली. मी सांगतोय ना, माझीच पोरगी हाय, चुकली ती. लई उशीर केला."

प्रेक्षकांतून आरोळ्या सुरू झाल्या. कबड्डीवाले होते सगळे. "ओ सर, सदतीस जिवंत कधी होणार?" "आरं ही कबड्डी न्हाई, हितं बाद म्हंजी बाद." सर पुस्तक काढून त्या कलमाचं पान उघडत होते. मिरजेचे कोचही धावून आले आणि उलट बाजूनं तेच बोलू लागले. मी माझा रुमाल पडला होता त्या जागेवर पाय रोवून उभी होते, कुणी तो हलवू नये म्हणून.

आणि तिथं उभी असताना मला एक गोष्ट खटकली. इतक्या सामन्यांत मी एकही कोच असा पाहिला नव्हता जो आपली खेळाडू बाहेर काढल्यावर गप्प बसतो. गुणांवरून ओरडणारे गव्हाणे रतनबद्दल एक अवाक्षर बोलले नव्हते. तिनं मुद्दाम केलं नाही, सोडा तिला, पहिलीच चूक आहे, काही नाही. मी 'सामन्याबाहेर' म्हणाले आणि त्यांनी मागं न बघता हात झटकला होता, "जा ग, बसमधी जाऊन बस."

मी रुमालावरची नजर उचलली. रतन हेल्मेट हातात लोंबकळत घेऊन चालली होती. मिरजेच्या बाकांकडं. तिथं जाऊन ती शांतपणे बसायला लागली, तेव्हा राखीव मुलींनी हसून तिला उठवलं. "ए बाय, तुझं घर तिकडं." तीही हसली. वळली. मग बाकांच्या मागून फाटकाकडं गेली, जिथं बार्शीची बस उभी होती.

"वहिनी?" सर म्हणाले. "शेवटचं विचारतो. आधी?"

"आधी, सर."

त्यांनी शिट्टी वाजवली, हात फिरवून खूण केली. दोन्ही चुका रद्द, डाव पुन्हा. सदतीस नंबर बाहेर. अर्धं मैदान नाचलं, अर्ध्यानं आमच्या आईवडिलांची चौकशी केली. गव्हाणेंनी टाइमआउट घेतला, मुलींना गोळा करून त्यांच्यावर ओरडायला.

मी सरांजवळ गेले.

"सर, सदतीस नंबर बसमध्ये गेली."

"जाऊ दे की. बाहेर काढली ना तुम्हीच?"

"बाहेर काढलेल्या खेळाडूनं संघाच्या बाकावरच बसायचं असतं. कोचच्या आणि आपल्या नजरेसमोर. मैदान सोडून जायचं नसतं."

"खरं हाय." सरांनी कपाळ पुसलं. "पण वहिनी, आत्ता ह्यावरून कलम काढलं ना, गव्हाणे मला हितंच पुरतील. पोरगी रडत असंल. बसू द्या निवांत."

"ती मिरजेच्या बाकावर बसायला गेली होती."

सरांनी माझ्याकडं बघितलं.

"गोंधळली असंल. बाहेर काढल्यावर कुणाला सुधरतंय?"

तेवढ्यात रेषेपलीकडून सुमेध मला हातवारे करून बोलवताना दिसला. कडेवर जुई. टाइमआउटमध्ये पंचांनी घरच्यांशी बोलायचं नसतं, पण जुईच्या बाबतीत मी कधी नियम पाळले नाहीत. मी धावत गेले.

"काय झालं? ताप आहे?"

"काही नाही झालं, मस्त आहे ती. बिस्किट कुठंय विचारायचं होतं."

"पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात."

"बरं. अगं, ती तुमची बाहेर काढलेली मुलगी भारी आहे हं. बसपाशी भेटली. जुईचा गालगुच्चा घेतला, आणि मला विचारते, 'दादा, हे कंचं गाव?' एवढं बाहेर काढलंय आणि चेष्टा सुचते."

"तू काय म्हणालास?"

"म्हटलं अमेरिका. हसली. मग परत विचारलं, कंचं गाव."

मी वळून सरांकडं पाहिलं. ते टाइमआउट संपल्याची शिट्टी तोंडात धरून होते. मी दोन्ही हात डोक्यावर फिरवून वेळ थांबवण्याची खूण केली आणि बसकडं चालू लागले. पळाले नाही. पंच पळाला की लोक मागं येतात.

बसच्या दाराशी ड्रायव्हर पेपर वाचत होता. "झोपलीय," तो म्हणाला. "रडूनबिडून न्हाई, सरळ जाऊन झोपली."

रतन मागच्या लांब सीटवर आडवी होती. एक बूट पायात, दुसरा छातीशी धरलेला. मी हाक मारली. दोनदा. खांदा हलवला. तिनं डोळे उघडले, पण मला बघायला तिला वेळ लागला.

"आक्का," ती म्हणाली. "मॅच कधी सुरू हुनार?"

"मी आक्का नाही, रतन. मी पंच आहे. पट्टा आवळ म्हणणारी."

"हां." ती हसली. "रुमाल लांब टाका बरं का." मग जीभ जड झाल्यासारखी म्हणाली, "आक्का, मला मळमळायलंय."

मी खिडकीतून डॉ. नेर्लेकरांना हाक मारली. तेवढ्यात मागून पायऱ्या करकरल्या. गव्हाणे आत आले होते. मैदानावरचा तो आवाज त्यांनी बाहेरच ठेवला होता.

"मॅडम, झोपू द्या की तिला."

"हिच्या डोक्याला लागलंय."

"लागलंय शमाला. हिनं तर मारलंय."

"सर, टाळू हिची होती. पॅड शमाचं होतं."

ते सीटच्या कडेला टेकले. टोपीची घडी घालू लागले.

"बाहेर काढलं, मान्य हाय मला," ते म्हणाले. "बघा, मी एका शब्दानं भांडलो का? न्हाई भांडलो. चूक केली, शिक्षा झाली. एका मॅचची शिक्षा, ती आजच संपली. गुरुवारी पोरगी पुण्याला मोकळी. पण तुम्ही डोक्याचं लिहिलं, की डॉक्टरचा कागद आल्याबिगर तिला कुणी मैदानावर उभं करत न्हाई. कोण देणार कागद गुरुवारपत्तुर?"

"तुम्हाला माहीत होतं."

"उठली तवा पाय बघितले मी तिचे. इतकी वर्षं पोरी पडताना बघतोय." त्यांनी तिच्याकडं बघितलं नाही. "कबड्डीत न्हाई का लागत? झोपतात, उठतात, सकाळी भाकरी मागतात. हिला घरातनं काढून मैदानावर आणायला मला दोन वर्षं लागली, मॅडम. आण्णांच्या पाया पडलोय मी. गुरुवारी न्हाई गेली, तर रविवारी संपलं. तुमचं एक वाक्य, आन् संपलं. तुम्ही काय, तुम्ही संध्याकाळी लेकरू घेऊन घरी जाणार."

मला त्यांचा राग आला नाही. ते खोटं बोलत नव्हते. रविवारी संपणार होतं हे मलाही दिसत होतं.

"रतन," मी विचारलं, "गुरुवारी कुठं जायचंय?"

ती विचार करत राहिली. चांगला वेळ घेतला तिनं. मग आज्ञाधारक मुलीसारखी म्हणाली, "लग्नाला."

गव्हाणेंच्या हातातली टोपी थांबली.

डॉक्टर आले, बॅटरी मारली, आणि शमाच्या वेळी झाले तसे विनोद कुणी केले नाहीत. "एका डोळ्याची बाहुली मोठी वाटतेय," ते मला इंग्रजीत म्हणाले, मग गव्हाणेंना मराठीत, "अ‍ॅम्ब्युलन्स आत घ्या."

अ‍ॅम्ब्युलन्स गेली की सामना थांबवावा लागतो, दुसरी येईपर्यंत. मी सरांना जाऊन हे सांगितलं, तेव्हा प्रेक्षकांतून बाटल्या येऊ लागल्या. सर मध्यावर उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात पुकारा केला, "बार्शी, सदतीस नंबर. डोक्याला मार. पंचांच्या आदेशानं वैद्यकीय तपासणीला." एकदा बाहेर काढलेली खेळाडू पुन्हा कशी बाहेर काढता, असं कुणीतरी ओरडलं. त्यावर पुष्कळ हशा झाला.

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये कोण बसणार असं विचारलं, तेव्हा संघ मैदानावर, सामना अर्धवट, एका गुणाचा फरक, आणि गव्हाणे चढून बसले. तिचा सुटा बूट त्यांच्या हातात होता. दार लावताना त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

सामना नंतर पुरा झाला. मिरज जिंकली. दोन गुण मिळाले असते तर बार्शी जिंकली असती, हे बार्शीत अजून सांगतात. माझं उत्तर तेव्हा बरोबर होतं आणि आजही बरोबर आहे. चेंडू हवेत होता.

मिरजेत इस्पितळांना तोटा नाही. मी संध्याकाळी जुईला घेऊनच गेले. गव्हाणे व्हरांड्यात बसले होते, उठून आत गेले. मेंदूबाहेर रक्त साचत होतं, ऑपरेशन करून काढलं, असं सर्जननं सांगितलं. त्यानं हात धुता धुता मला एकच प्रश्न विचारला. "बार्शी इथून किती लांब?" मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि टॉवेल घेतला.

गुरुवार गेला, रविवारही गेला. पाहुणे आले नाहीत. डोक्याचं ऑपरेशन झालेली मुलगी म्हणून पुढंही बरेच दिवस कुणी आलं नाही. रतन पुन्हा खेळली नाही. गव्हाणेंनी त्यानंतर मी पंच असलेल्या एकाही सामन्यात माझ्याशी हुज्जत घातली नाही. बोललेच नाहीत.

वर्षभरानं एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मॅडम, मी बारंगुळे. सदतीस नंबर."

मी पोळ्या लाटत होते. गॅस बंद केला.

"कशी आहेस?"

"बरी हाय. केस आले परत. तालुक्याच्या शाळंत पोरींना कबड्डी शिकवते. मॅडम, मला त्या दिवसाचं काहीच आठवत न्हाई. सकाळी बसमधी चढले तिथपत्तुर आठवतंय. सगळी म्हंत्यात, मी कुणालातरी लई जोरात मारलं. खरं हाय का?"

"हो."

"आन् तुम्ही बाहेर काढलं?"

"हो."

"दोनदा?"

"दोनदा."

ती हसली. मग पलीकडं शाळेची घंटा वाजल्याचा आवाज आला आणि तिनं घाईघाईनं विचारलं, "मग ती पोरगी? जिला मारलं ती. तिला कुणी बघितलं का न्हाई?"

"सगळ्यांनी बघितलं," मी म्हणाले. "तिच्याभोवती कडं केलं होतं."

"मग बरं," रतन म्हणाली. "ठेवते."

जुई आता दुसरीत आहे. मी अजून पंचगिरी करते. शिबिरात मला नवीन मुलं विचारतात, दोन रुमाल पडले तर आधी कुठला दंड मोजायचा. मी सांगते, ते पुस्तकात आहे.

तुम्हाला पंच व्हायचं नाही, हे मला कळतं. पण आज तुमच्याही ओळखीत कुणीतरी बाहेर काढलं गेलं असेल. सामन्यातून, वर्गातून, नोकरीतून, जेवणाच्या ताटावरून. काढलं ते बरोबरही असेल, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. तुम्ही हे वाचताय तोवर ते माणूस कुठंतरी जाऊन बसलं असेल, आणि बाकीचे अजून गुणांवरून भांडत असतील. हे मिटून ठेवा आणि एकदा जाऊन बघा, ते कुठं बसलंय. झोपलंय असं कुणी सांगितलं, तरी हाक मारा.